बिनतारी हांकेची पोंच

अर्नाळ्याहून किंवा वसईच्या पाचूबंदराहून निघालेली मासेमारीची होडी दूर गेली म्हणजे मागें दिसणारी माडांची रांग प्रथम निळसर होते, मग पुसट होते आणि अखेरीस पाण्याच्या कडेंत विरून जाते. त्यानंतर थोड्याच वेळांत तांडेलाच्या खिशांतील मोबाइल फोनही मुका होतो. कारण किनाऱ्यावरील मनोऱ्यांचें बोलणें समुद्रांत फार दूरवर ऐकूं जात नाहीं. पुढें कित्येक दिवस त्या होडीचें जग म्हणजे जाळीं, बर्फ, डिझेल आणि मूठभर खलाशी. अशा ठिकाणीं इंजिन बंद पडलें, तळाशीं पाणी शिरूं लागलें किंवा एखाद्या खलाशाच्या छातींत कळ आली, तर काय करावें? हांक मारावी, हें त्याचें सोपें उत्तर. परंतु मारलेली हांक कोणी ऐकली कीं नाहीं, हें होडीवरच्या माणसाला कळावें कसें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. बिनतारी विद्येच्या इतिहासांत हांक मारण्याचा प्रश्न लवकर सुटला; पोंच मिळण्याचा प्रश्न मात्र नव्या नव्या रूपांनीं शास्त्रज्ञांपुढें उभा राहत आला आहे.

भारतीय अंतराळ संशोधन संस्था, जिला सर्वजण इस्रो या नांवानें ओळखतात, हिनें मच्छीमारांसाठीं एक संकटसूचक यंत्र तयार केलें आणि तें २०१० सालापासून वापरांत आलें. होडीवरच्या माणसानें संकटकाळीं बटण दाबावें. यंत्रानें होडीची ओळख आणि तिचें समुद्रांतील ठिकाण उपग्रहाकडे पाठवावें. उपग्रहानें तें बंगळूरच्या नियंत्रण केंद्रांत उतरवावें. तेथून तें तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळावें आणि मग जवळचें जहाज मदतीला निघावें, अशी ही सांखळी. तटरक्षक दलाचें असें एक केंद्र मुंबईंतच आहे. म्हणजे अर्नाळ्यासमोरच्या समुद्रांतून निघालेली हांक आकाशांत सुमारें ३६,००० किलोमीटर वर चढते, दक्षिणेंत बंगळूरला उतरते आणि तेथून पुन्हां उत्तरेस मुंबईला येते. वाट वांकडी खरी. परंतु आकाशांतला चढउतार करण्यास तिला पाव सेकंद पुरतो. पहिल्या तेरा-चौदा वर्षांत अशीं २०,००० हून अधिक यंत्रें होड्यांवर चढलीं आणि त्यांचा उपयोगही झाला. उणीव होती ती एवढीच कीं, या यंत्राला तोंड होतें, कान नव्हता. बटण दाबल्यावर पुढें काय झालें, हें दाबणाऱ्याला कळण्याची सोय त्यांत नव्हती.

ही उणीव लहान वाटेल. पण जो बुडत्या होडींत उभा आहे त्याला विचारावें. उत्तर न येण्याचे अर्थ अनेक होतात. हांक पोंचलीच नसेल. पोंचली असेल, पण ऐकणारा जागेवर नसेल. पोंचली असेल, मदतही निघाली असेल, आणि उत्तर तेवढें वाटेंत हरवलें असेल. या तिन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. परंतु होडीवरून पाहणाऱ्याला तिन्हींचें रूप एकच दिसतें, आणि तें म्हणजे शांतता.

१९१२ सालच्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक जहाज बुडूं लागलें, तेव्हां त्याच्या बिनतारी यंत्रावरून मदतीची याचना सुरू झाली. तिला कार्पेथिया जहाजावरच्या तारायंत्र्यानें उत्तर दिलें, तें जहाज धांवून आलें आणि सुमारें ७०० माणसें वांचलीं. कॅलिफोर्नियन नांवाचें दुसरें एक जहाज त्याहून पुष्कळच जवळ होतें. परंतु त्यावरचा एकुलता एक तारायंत्री दिवसभराचें काम आटोपून नुकताच झोंपीं गेला होता. हांक दोन्हीं जहाजांपर्यंत सारखीच गेली. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या जागेपणाचा, आणि तो कळण्याचें साधन उत्तराखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. त्या अपघातानंतर जहाजांवर बिनतारी यंत्रापाशीं रात्रंदिवस पहारा असावा, असे नियम निघाले.

पोंच ही कल्पना मराठी घरांना नवीन नाहीं. एके काळीं गिरणगांवांतला कामगार कोंकणांत मनिऑर्डर धाडी, आणि कांहीं दिवसांनीं आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पावती परत येई. पैसे पोंचल्याचें तर तिनें समजेच. पण आई हिंडतीफिरती आहे हेंही त्या निळ्या शाईच्या ठशावरून समजे. महत्त्वाचें पत्र असलें तर तें रजिस्टर करून, वर पोंचपावतीचें कार्ड जोडून धाडण्याची रीत कचेऱ्यांतून होती. २०२५ सालीं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें, तरी पत्र पोंचल्याचा पुरावा मागणाऱ्यांची संख्या कांहीं घटलेली नाहीं. आजच्या विरारच्या बाजारांत तर पोंच मोठ्यानें बोलते. ग्राहकानें फोनवरून पैसे दिले कीं कोळणीच्या टोपलीशेजारी ठेवलेली डबी इतके रुपये मिळाले असें मराठींत सांगते, आणि तें ऐकल्याशिवाय मावशी पापलेटाची पिशवी हातीं देत नाहींत. त्यांचें बरोबरच आहे. ग्राहकाच्या फोनवर उमटलेलें हिरवें चिन्ह ही त्याची पोंच. डबीचा आवाज ही त्यांची.

याच बाजारांत पोंचेच्या विद्येंतला एक मोठा पेंच रोज पाहावयास मिळतो. ग्राहकाच्या खात्यांतून पैसे वजा होतात आणि डबी मात्र गप्प राहते. आतां पैसे पुन्हां द्यावे काय? पहिले पोंचले असतील आणि केवळ बातमी हरवली असेल, तर दुहेरी भरणा होईल. पोंचले नसतील, तर मावशींचें नुकसान होईल. शास्त्रज्ञांनीं यावर काढलेला तोडगा साधा आहे: प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावयाचा. तोच क्रमांक पुन्हां आला, तर घेणाऱ्यानें तो जुनाच समजून बाजूस ठेवावा, मात्र पोंच पुन्हां द्यावी. एवढें केलें म्हणजे पाठवणाऱ्याला निर्भयपणें पुन्हां पुन्हां पाठवतां येतें. संदेश दोनदां गेला तरी काम एकदांच होतें.

तरीही संपूर्ण खात्री मिळते काय? मिळत नाहीं, हें तर्कानें सिद्ध झालेलें आहे. संगणकशास्त्रांत या सिद्धान्ताला दोन सेनापतींचें कोडें म्हणतात, आणि वसईकरांना तें त्यांच्याच खाडीच्या आधारानें समजेल. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला, हें सर्वांस ठाऊक आहे. क्षणभर अशी कल्पना करावी (इतिहासांत असें घडलें असें नव्हे) कीं, एकाच सैन्याच्या दोन तुकड्या खाडीच्या दोन तीरांवर आहेत आणि मध्यें शत्रूची गलबतें फिरत आहेत. दोघींनीं एकाच वेळीं हल्ला केला तरच जय. एकीनेंच केला तर नाश. अलीकडचा सरदार जासूद पाठवितो, “उद्यां पहांटे.” जासूद पोंचला कीं पकडला गेला, हें कळेपर्यंत तो सरदार हलणार नाहीं. पलीकडून पोंच येते. पण ती पोंच अलीकडे पोंचली कीं नाहीं, याची खात्री पलीकडच्या सरदाराला हवी, कारण त्याशिवाय अलीकडचा हलणार नाहीं हें तोही जाणतो. म्हणजे पोंचेची पोंच, तिचीही पोंच. समजा, अशा दहा फेऱ्यांत दोघांची खात्री पटते. परंतु दहाव्या फेरीचा जासूद पकडला जाण्याचा संभव आहेच, आणि तो पाठविणाऱ्याला त्याचें काय झालें हें कळत नाहीं. तेव्हां त्याचा निश्चय त्या फेरीवर अवलंबून असूं शकत नाहीं. मग ती फेरी नसली तरी चालेल. मग नववीही नको. असें करतां करतां एकही जासूद न पाठवितां निश्चय व्हावयास हवा, आणि तें तर अशक्य! जेथें वाटेंत कांहीं हरवण्याचा संभव आहे, तेथें दोन्हीं बाजूंची शंभर टक्के एकवाक्यता कितीही पोंचा दिल्या तरी घडत नाहीं.

तर्कशास्त्री येथें थांबतात. यंत्रशास्त्री मात्र एक पोंच पुरे असें ठरवून पुढें जातात, आणि ती न आल्यास पुन्हां पाठवितात. या वृत्तीचा एक सुंदर नमुना हवाई बेटांवर तयार झाला. तेथील विद्यापीठाचीं कामें निरनिराळ्या बेटांवर पसरलेलीं, मध्यें समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं बेटांवरचीं यंत्रें मुख्य संगणकाला बिनतारी पद्धतीनें जोडलीं आणि त्या जाळ्याला नांव दिलें अलोहा. सर्वांना बोलण्यास लहर एकच. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें सरळ बोलावें. दोघे एकाच वेळीं बोलले, तर दोघांचें बोलणें एकमेकांत मिसळून फुकट जाईल आणि मुख्य केंद्राकडून कोणालाच पोंच येणार नाहीं. पोंच न आलेल्यानें थोडें थांबून पुन्हां बोलावें. किती थांबावें हें मात्र प्रत्येकानें नशिबावर सोडावें. दोघेही ठरावीक तेवढेंच थांबले, तर पुन्हां एकमेकांवरच आदळतील. या मोकळ्या पद्धतींत लहरीच्या शक्तीचा फार झाला तर १८ टक्के उपयोग होतो. काळाचे समान कप्पे पाडले आणि प्रत्येकानें कप्प्याच्या आरंभींच बोलावें असा नियम केला, कीं तोच ३७ टक्क्यांपर्यंत वाढतो. काळाला कप्पे पाडण्याचा एवढा लाभ! वादळांत सांपडलेल्या दहा होड्यांनीं एकाच मिनिटांत बटणें दाबलीं, तर काय होईल याचा विचार करणाऱ्यानें अलोहाची ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा वेळीं पोंच न येणें याचा अर्थ कित्येकदां एवढाच असतो कीं, शेजारची होडीही त्याच क्षणीं ओरडत होती.

आतां ज्या पद्धतींत पोंच देण्याचा प्रश्न सर्वांत अधिक नाजूक होतो, तिच्याकडे वळावयास हरकत नाहीं. विरार लोकलमध्यें उभ्यानें प्रवास करणाऱ्या माणसाच्या हातांतला फोन मनोऱ्याशीं सतत बोलत असतो. या बोलण्याच्या दोन रीती आहेत. एकींत जाण्याची लहर वेगळी आणि येण्याची वेगळी. दुपदरी रस्त्याप्रमाणें दोन्हींकडची वाहतूक अखंड चालते. दुसरींत लहर एकच आणि वेळ वांटून घेतलेली. ही दुसरी रीत कोळ्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. उथळ खाडीच्या मुखाशीं वाट एकच असते. ओहोटीच्या ओढीबरोबर होड्या बाहेर पडतात आणि भरतीच्या पाण्यावर आंत येतात. बाहेर पडलेल्याला परत यावयाचें, तर पाणी फिरण्याची वाट पाहावी लागते. एका लहरीवर काळाच्या वांटणीनें चालणाऱ्या बिनतारी पद्धतींतही मनोऱ्याची ओहोटी आणि फोनची भरती अशीं आळीपाळीनें येतात; फक्त हें पाणी सेकंदाला शेंकडों वेळां फिरतें. भारतांत या रीतीची चौथ्या पिढीची सेवा १० एप्रिल २०१२ रोजीं कलकत्त्यास सुरू झाली आणि पुण्याला ती त्याच वर्षीं आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशांत आलेल्या पांचव्या पिढीचा ३,३०० मेगाहर्ट्झच्या परिसरांतला मुख्य पट्टाही काळाच्या वांटणीवरच चालतो.

या वांटणींत समानता नसते. माणसें फोनवर पाहतात पुष्कळ आणि पाठवितात थोडें; म्हणून मनोऱ्याला वेळ अधिक आणि फोनला कमी. चौथ्या पिढींत सेकंदाच्या शंभराव्या भागाची एक चौकट धरतात आणि तिचे दहा कप्पे पाडतात. प्रत्येक कप्पा सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा. वांटणीचे सात प्रकार नियमांत सांगितलेले आहेत. त्यांतील एका प्रकारांत दहांपैकीं सहा कप्पे मनोऱ्याचे, दोन फोनचे आणि उरलेले दोन संमिश्र: आरंभीं मनोरा बोलतो, मग क्षणभर सर्वत्र स्तब्धता, आणि शेवटीं फोनला थोडी जागा. ती स्तब्धता व्यर्थ नव्हे. पंधरा किलोमीटरांवरच्या फोनपर्यंत मनोऱ्याचा शब्द जाण्यास आणि फोनचा शब्द परत येण्यास मिळून सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तेवढा वेळ मोकळा सोडला नाहीं, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या होड्यांची मुखाशींच टक्कर व्हावयाची.

मनोरा आपल्या प्रत्येक कप्प्यांत एक पुडकें धाडतो आणि पोंचेची अपेक्षा करतो. फोनला पुडकें उलगडून तें शाबूत आहे कीं नाहीं हें तपासण्यास कांहीं वेळ हवा, म्हणून पोंच चार कप्प्यांनंतर द्यावी असा संकेत आहे. दुपदरी रीतींत प्रश्नच नाहीं: चार कप्पे मोजावे आणि होय किंवा नाहीं सांगावें. परंतु काळाच्या वांटणींत चार कप्प्यांनंतर पाहावें तों तो कप्पा मनोऱ्याचाच! फोनला थांबावें लागतें. वर सांगितलेल्या प्रकारांत चौकटीमागें फोनचे कप्पे दोन, आणि मनोऱ्याकडून पुडकीं येऊं शकतील असे कप्पे आठ. म्हणजे फोनच्या एकेका कप्प्यावर चार चार पुडक्यांच्या पोंचेचा भार पडतो, आणि ती पोंच कमींत कमी चार, अधिकांत अधिक आठ कप्प्यांनंतर निघते. दुसऱ्या एका प्रकारांत तर फोनला चौकटींत एकच कप्पा आहे आणि त्यावर नऊ पुडक्यांची जबाबदारी आहे.

चार पोंचा एका कप्प्यांत कशा कोंबाव्या? येथें शास्त्रज्ञांचे दोन पंथ झाले. एकाचें म्हणणें, चारही उत्तरांची मोट बांधून एकच शब्द पाठवावा. चारही पुडकीं नीट असतील तर होय. एकही बिघडलें असेल तर नाहीं. या पद्धतीचा गुण असा कीं, एकच शब्द सांगावयाचा असल्यानें सारी शक्ति त्यावर खर्च करतां येते. फोनची शक्ति ती केवढी? फार झाली तर वॉटचा पांचवा भाग. मनोऱ्यापासून दूर, भिंतींच्या आड बसलेल्या फोनचा आवाज आधींच क्षीण असतो. त्यानें चार गोष्टी पुटपुटण्यापेक्षां एक गोष्ट स्पष्ट सांगावी, हें रास्त आहे. दोष उघडच आहे. एका पुडक्यासाठीं चारही पुन्हां पाठवावीं लागतात. दहा पुडक्यांमागें एक बिघडतें असें धरलें, तर चारही पुडकीं नीट पोंचण्याचा योग शंभरांतून सुमारें ६६ वेळां येतो. उरलेल्या ३४ वेळां तीन चांगलीं पुडकीं बहुधा एका वाईटापायीं पुन्हां प्रवास करतात. दुसरा पंथ म्हणतो, चारही उत्तरें निराळीं द्यावीं. फुकटची ये-जा वांचेल. परंतु त्यासाठीं फोनचा आवाज पुरेसा दणदणीत पाहिजे. अखेर नियमांत दोन्हीं रीती ठेवण्यांत आल्या, आणि मनोऱ्यानें परिस्थिति पाहून निवडावी असें ठरलें. ही तडजोड शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. कारण दोन्हीं पंथ आपापल्या ठिकाणीं खरे होते, एक कांठावरच्या फोनसाठीं आणि दुसरा मनोऱ्याजवळच्या.

मोट बांधण्याच्या रीतींत एक चोरवाट राहून गेली होती, आणि ती बुजविण्याची युक्ति फार मार्मिक आहे. प्रत्येक पुडक्यापूर्वीं मनोरा एक लहानशी वर्दी देतो: हें पुडकें अमक्या फोनचें. समजा, तीन पुडकीं धाडलीं आणि मधल्याची वर्दीच फोनच्या कानीं पडली नाहीं. त्याच्या दृष्टीनें पुडकीं आलीं दोनच, आणि दोन्हीं नीट. तो प्रामाणिकपणें होय म्हणतो. मनोरा समजतो, तिन्हीं पोंचलीं. येथें खोटें कोणीच बोललें नाहीं आणि तरी फसगत झाली. मिळालेल्या वस्तूची पावती कोणीही देईल. न मिळालेली वस्तु धाडली होती हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें तक्रार कशाची करावी? उपाय असा केला कीं, प्रत्येक वर्दीवर मनोऱ्यानें एक अनुक्रम लिहावा: या मोटेंतलें हें पहिलें, हें दुसरें, हें तिसरें. फोनजवळ पहिलें आणि तिसरें असलें कीं त्याला दुसऱ्याची अनुपस्थिति तत्काळ कळते आणि तो नाहीं असें उत्तर देतो.

राहतां राहिली शेवटचीच वर्दी हुकण्याची अडचण. पहिलें आणि दुसरें मिळालें, तिसरें निघालें होतें याची गंधवार्ताही नाहीं. अनुक्रमांत खंड दिसत नाहीं. तेथें दुसरी युक्ति योजिली. फोननें आपलें उत्तर कोणत्या खणांत टाकावें, हें त्याला शेवटीं मिळालेल्या वर्दीवरून ठरतें. उत्तर दुसऱ्या वर्दीच्या खणांत पडलें, कीं तिसरी पोंचली नाहीं हें मनोऱ्याला न सांगतां समजतें. पत्रांतल्या मजकुरापेक्षां पाकिटावरच्या शिक्क्यानें अधिक सांगावें, तशांतला हा प्रकार. पांचव्या पिढीनें याच्या पुढचें पाऊल टाकलें आहे. तेथें पोंच कोणत्या कप्प्यांत द्यावी हें मनोरा वर्दीबरोबरच सांगूं शकतो, त्यामुळें जुनीं ठरीव कोष्टकें बरीच सैल झालीं. इतकें करूनही एखादें नाहीं वाटेंत विकृत होऊन होय असें ऐकूं येतें. तें पकडण्यासाठीं वरच्या मजल्यावर क्रमांक मोजणारी आणखी एक व्यवस्था बसलेली असतेच. लोकलमध्यें चित्रपट पाहणाऱ्याला यांतलें कांहींच जाणवत नाहीं. त्याच्या पडद्यावर फार तर एखादा क्षण चित्र अडखळतें.

समुद्रावरच्या माणसाचा क्षण इतका स्वस्त नसतो. २०१७ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी नांवाचें चक्रीवादळ उठलें, आणि केरळ व तमिळनाडूंतील शेंकडों मच्छीमार मृत्यु पावले किंवा बेपत्ता झाले. पुढें तें क्षीण होत गुजरातच्या दिशेनें सरकलें, तेव्हां ५ डिसेंबर रोजीं मुंबईच्या शाळांना सुटी द्यावी लागली, हें अनेक घरांत आठवत असेल. त्या वादळाच्या सूचना किनाऱ्यावर निघत होत्या; आधींच दूर समुद्रांत गेलेल्या होड्यांपर्यंत त्या नेण्याचें साधन नव्हतें. त्यावर उपाय म्हणून २०१९ सालीं जेमिनी नांवाचें यंत्र आलें. तें उपग्रहाकडून वादळाची आणि मासळीच्या ठिकाणांची वार्ता घेऊन होडीवरच्या फोनला देतें. जुन्या संकटसूचक यंत्राला कान नव्हता. या नव्याला तोंड नव्हतें. सूचना सुटली हें किनाऱ्याला ठाऊक, ऐकली किती होड्यांनीं हें अज्ञात.

तोंड आणि कान एकत्र आले ते २०२४ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत इस्रोनें आपल्या संकटसूचक यंत्राची दुसरी पिढी पुढें आणली. हांक पोंचली कीं केंद्राकडून होडीला पोंच मिळावी, ही तिची मुख्य सुधारणा. शिवाय वादळाच्या किंवा त्सुनामीच्या सूचना, मासळी कोठें मिळेल याची माहिती, हेंही केंद्र होडीला कळवूं शकतें, आणि यंत्र फोनला जोडून तो मजकूर मच्छीमाराला स्वतःच्या भाषेंत वाचतां येतो. मासेमारीपलीकडच्या जगांतही ही कल्पना तेवढीच नवी आहे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनीं संकटांतल्या माणसाला आकाशांतून पोंच देण्याची सेवा २०२० सालच्या जानेवारींत सुरू केली होती. त्याच २०२४ सालीं, ३० ऑगस्ट रोजीं, पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें मच्छीमारी नौकांच्या संपर्कयोजनेचा देशव्यापी प्रारंभ झाला. सुमारें ३६० कोटी रुपयांच्या या योजनेंत समुद्रकांठच्या १३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत टप्प्याटप्प्यानें १ लाख नौकांवर दुतर्फी बोलणारीं यंत्रें बसवावयाचीं, असा संकल्प आहे. वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या गजबजाटांत या वार्तेकडे शहरांतल्या वाचकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. बंदराच्या प्रश्नावर कोळी समाजाचीं मतें तीव्र आहेत आणि तीं असावयाचींच. परंतु त्या दिवशीं जाहीर झालेली ही लहान वस्तु त्यांच्या होडींत बसणारी होती.

अशा पोंचेचा नेमका अर्थ काय, हें तांडेलानें ओळखून असलें पाहिजे. पोंच म्हणजे हांक केंद्रांत उतरली, वाचली गेली. पोंच म्हणजे जहाज शेजारीं येऊन उभें राहिलें असें नव्हे. ताशीं २५ सागरी मैल वेगानें निघालेल्या जहाजाला ५० सागरी मैल तोडण्यास दोन तास लागतात, आणि खवळलेल्या समुद्रांत याहूनही अधिक. तेवढा वेळ पाणी उपसावयाचें काम होडीवरच्यांनींच करावयाचें असतें. मग पोंचेनें बदललें काय? बदललें तें हें: पोंच न मिळालेला तांडेल दर घटकेला नवा बेत करतो. दिवा पेटवूं, त्या दूरच्या ट्रॉलरकडे वळूं, बंद इंजिन पुन्हां मारून पाहूं, किनारा कोणत्या बाजूस असेल त्या बाजूला वाहत जाऊं. त्यानें कळविलेलें ठिकाण एकीकडे राहतें, आणि होडी दुसरीकडे जाते. शोधावयास आलेलें जहाज मोकळ्या पाण्यावर फेऱ्या घालीत बसतें. ज्याला पोंच मिळाली, तो नांगर टाकतो, माणसांना पाळीपाळीनें उपसण्यास बसवितो, आणि सांगितलेल्या जागीं थांबतो.